एडिटिंगमध्ये बघू

नगर जिल्ह्यात मे महिन्यात लग्नाचा मुहूर्त बारा पस्तीसचा निघाला, की भटजी वेळेवर येतात, आचारी वेळेवर येतो आणि सूर्य तर सगळ्यांच्या आधी येऊन थेट डोक्यावर अक्षता टाकायला उभा राहतो. यात अतिशयोक्ती नाही. नगर १९ उत्तर अक्षांशाच्या किंचित वर आहे. त्यामुळे १६ मेच्या आसपास, दुपारी साडेबाराच्या सुमारास, सूर्य इथे बरोबर माथ्यावर असतो. शून्य सावलीचा दिवस तो हाच. एखादे हौशी मास्तर त्या दिवशी सुट्टीतल्या पोरांना गोळा करून अंगणात तांब्या ठेवतात आणि सावली कशी नाहीशी झाली ते दाखवतात. तांब्याची सावली जाते. नवरदेवाची मात्र भुवयांखाली, नाकाखाली आणि फेट्याच्या काठाखाली दडी मारून बसते. मंगलाष्टकं संपतात, वाजंत्री वाजते, आणि जन्मभर जपायच्या त्या फोटोत नवरदेवाच्या डोळ्यांच्या जागी दोन काळे खड्डे उमटतात.

फोटोग्राफर स्क्रीनकडे बघतो, गळ्यातल्या पंच्यानं घाम पुसतो आणि म्हणतो, “टेन्शन नका घेऊ पाव्हणं, एडिटिंगमध्ये बघू.”

या एका वाक्यावर हल्लीचं अर्धं छायाचित्रण उभं आहे. जोडप्याच्या मागे जनरेटर दिसतोय? एडिटिंगमध्ये बघू. करवलीच्या खांद्यामागे एक मामा तंबाखू मळताहेत? एडिटिंगमध्ये उडवू. स्टेज एका बाजूला कललंय? तेही सरळ करू. दोन महिन्यांनी अल्बम येतो. जनरेटर खरंच गेलेला असतो, पण जाताना करवलीचा एक हात घेऊन गेलेला असतो. मामांची तंबाखू गेली आहे. मामा मात्र रिकाम्या तळहातावर अंगठा घासत तसेच उभे. नवरदेवाच्या डोळ्यांतले खड्डे बुजवले आहेत, पण बुजवताना चेहरा एवढा उजळलाय की आत्याबाई चष्मा लावून विचारतात, “हा कोण गं पोरगा?”

आता हे सगळं दोन पावलांनी टळलं असतं, असं म्हटलं तर कुणी विश्वास ठेवत नाही. मंगल कार्यालयाला पडवी असते. पडवीच्या कडेला, उन्हाच्या रेषेच्या आत दोन पावलं, तोंड बाहेरच्या अंगणाकडे करून जोडप्याला उभं केलं की अंगणावरून परतलेला उजेड दोघांच्या चेहऱ्यावर मऊ पसरतो. खड्डे नाहीत, घाम नाही, मिटलेले डोळे नाहीत. खर्च शून्य. पण फुलांच्या कमानीचे पैसे दिलेले असतात आणि कमान नेमकी उन्हात असते, म्हणून लग्न उन्हातच लागतं. शून्य सावलीचा दुसरा दिवस २७ जुलैच्या आसपास येतो. तोवर बहुधा चातुर्मास लागलेला असतो आणि आभाळही भरलेलं असतं. त्या दिवशी तरी नवरदेवांची सुटका होते.

मांडवाखाली गेलं की सावली मिळते, पण रंगाची पंचाईत सुरू होते. लाल-पिवळ्या कापडातून गाळून आलेला उजेड वऱ्हाडावर पडतो आणि वऱ्हाड सरसकट लाल-पिवळं होतं. समोर बसलेल्यांना हे जाणवत नाही, कारण माणसाचा मेंदू मुकाट्यानं हिशेब करून पांढऱ्याला पांढरंच दाखवतो. कॅमेऱ्यालाही तो हिशेब करता येतो, पण अंदाजपंचे. नगरकडे शेतीचे फोटो काढणाऱ्यांना याचाच हिरवा अवतार ठाऊक आहे. शेडनेटखाली ढोबळी मिरची दाखवत उभा राहिलेला शेतकरी फोटोत मिरचीपेक्षा हिरवा येतो. यावर इलाज फोटो काढण्याआधीचा आहे. त्याच उजेडात एखादी पांढरी वस्तू कॅमेऱ्याला दाखवायची आणि ‘हे पांढरं’ असं सांगून व्हाइट बॅलन्स पक्का करायचा. बाहेरच्या देशांत यासाठी खास कार्डं विकत मिळतात. आपल्याकडे कुठल्याही मांडवात दीडशे पांढऱ्या टोप्या फुकट हजर असतात.

मात्र हीच पांढरी टोपी दुसऱ्या बाबतीत कॅमेऱ्याला चकवते. कॅमेऱ्याचा उजेड मोजणारा भाग एक गोष्ट गृहीत धरून चालतो: समोर जे काही आहे ते सरासरीनं मध्यम राखाडी आहे. पांढरी टोपी, पांढरा सदरा, पांढरं धोतर आणि मागे चुन्याची भिंत असे आजोबा समोर आले, की तो म्हणतो, उजेड फार झाला, आणि सगळं मळकट करून टाकतो. धुलाई झालेले कपडे न धुतल्यासारखे दिसतात. तेच आजोबा काळ्याभोर म्हशीशेजारी उभे राहिले, की कॅमेरा म्हशीकडे बघून म्हणतो, अंधार फार, आणि उजेड वाढवतो. आता म्हैस राखाडी आणि आजोबांच्या सदऱ्याचा नुसता प्रकाशगोळा. जेपेग फोटोत प्रत्येक रंगाला ० ते २५५ एवढीच जागा असते. तिन्ही रंग २५५ला टेकले की तिथे सदऱ्याची घडी, शिवण, गुंडी काही उरत नाही, आणि नंतर कुठल्याही ॲपला ती गुंडी सापडत नाही. काळ्या भागातून काहीतरी उकरून काढता येतं, जळालेल्या पांढऱ्यातून काही निघत नाही. म्हणून मोबाइलवर आजोबांच्या सदऱ्यावर बोट टेकवायचं, शेजारी उगवणारं सूर्याचं चिन्ह सदऱ्याची शिवण दिसेपर्यंत खाली किंवा वर सरकवायचं, मग बटण दाबायचं. चार सेकंदांचं काम आहे. म्हैस तेवढा वेळ थांबते. आजोबा थांबत नाहीत.

या सगळ्यावरून असं वाटेल की पूर्वीचे फोटो सोवळे होते आणि बिघाड डिजिटलनं आणला. तसं अजिबात नाही. तालुक्याच्या गावच्या जुन्या स्टुडिओंत निगेटिव्हवर टोकदार पेन्सिलीनं ‘टचिंग’ करणारा कारागीर असायचा. देवीचे व्रण, मुरुम, सुरकुत्या तो काचेमागे दिवा ठेवून एकेक बुजवायचा. पाठीमागच्या रंगवलेल्या पडद्यावर कारंजं, जिना आणि दुमजली बंगला असे. कित्येक गावांत विजेचा खांब पोचायच्या आधी हा बंगला पोचला होता. सोवळेपणाचे जागतिक आचार्य आंरी कार्तिए-ब्रेसाँ. फोटो काढतानाच पूर्ण व्हावा, नंतर कापाकापी नको, हा त्यांचा आग्रह प्रसिद्ध आहे. पण पॅरिसच्या सँ-लझार स्टेशनामागे डबक्यावरून उडी मारणाऱ्या माणसाचा त्यांचा १९३२ सालचा जगप्रसिद्ध फोटो कापलेला आहे, कारण कुंपणाच्या फटीतून टिपताना एका बाजूला कुंपणच आलं होतं. आचार्यांनाही एकदा ‘नंतर बघू’ म्हणावं लागलं.

बातमीच्या धंद्यात मात्र हे प्रकरण चेष्टेचं नाही. रॉयटर्स या वृत्तसंस्थेनं नोव्हेंबर २०१५ मध्ये आपल्या बाहेरच्या छायाचित्रकारांना कळवलं, की रॉ फाइलवर संस्कार करून बनवलेले फोटो पाठवू नका, कॅमेऱ्यातून निघालेली मूळ जेपेगच पाठवा. किरकोळ कापणं, उजेड जरा कमी-जास्त करणं चालेल. कारणं दोन दिली होती, वेग आणि विश्वासार्हता. हा नियम लग्नाच्या फोटोग्राफरांना लावला तर जिल्ह्यातले निम्मे अल्बम रद्द होतील आणि उरलेल्या निम्म्यांत घटस्फोट.

तिकडे मोबाइलवाले छातीवर हात ठेवून सांगतात, “आपण काहीच एडिट करत नाही हां, डायरेक्ट फोटो.” बिचाऱ्यांना कल्पना नसते. बटण एकदा दाबलं तरी फोन पटापट अनेक फोटो घेतो, ते एकावर एक बसवतो, आभाळ खेचून आणतो, सावल्या उजळतो, कातडी गुळगुळीत करतो, आणि मग पहिल्यांदा मालकाला दाखवतो. २०१८ मध्ये गुगलनं पिक्सेल फोनात ‘नाइट साइट’ आणल्यापासून तर अंधारही फोनच दुरुस्त करू लागले. मार्च २०२३ मध्ये एका वापरकर्त्यानं चंद्राचा मुद्दाम धूसर केलेला फोटो संगणकाच्या पडद्यावर लावला, खोलीत अंधार केला आणि सॅमसंगच्या फोननं त्याचा फोटो काढला. पडद्यावर नसलेले खड्डे आणि डाग फोटोत दिसायला लागले. फोनला चंद्र ओळखू आला होता, त्यामुळे त्यानं तो आपल्या पदरचा घातला. पुढे कंपनीनंही समजावलं, की चंद्र ओळखून त्याचा तपशील स्पष्ट करण्याचं काम एआय करतं.

कोजागिरीला गच्चीवर केशरी दूध आटेपर्यंत चंद्राचे फोटो काढण्याची आपली सामाजिक प्रथा आहे, म्हणून या घटनेकडे दुर्लक्ष करता येत नाही. साध्या फोनमध्ये चंद्र म्हणजे पांढरा ठिपका येतो, आणि हा ठिपका कुटुंबाच्या ग्रुपवर अकरा जण टाकतात. इथेही फोन काळं आभाळ बघून घाबरतो आणि उजेड वाढवतो. प्रत्यक्षात पौर्णिमेचा चंद्र म्हणजे भर उन्हात पडलेला दगड. त्याचा फोटो काढायचा तर मापं जवळपास दिवसाचीच लागतात. चंद्रावर बोट टेकवा, सूर्याचं चिन्ह निम्म्याहून खाली ओढा, आणि डाग दिसू लागतील. लहान दिसेल, पण असेल तो खराच चंद्र. शिवाय त्याआधी कॅमेऱ्याची काच पुसा. मसाला दुधाचा, भेळेचा, उसाच्या रसाचा हात ज्या काचेवर फिरला आहे, तिच्यातून प्रत्येक दिव्याला दाढी फुटते. सदऱ्याच्या टोकानं केलेली ही पुसणी जगातल्या सगळ्या फिल्टरांपेक्षा उपयोगी आहे, आणि ती फोटोच्या आधी करायची असल्यामुळे कुणी करत नाही.

विनाएडिट फोटोची खरी परीक्षा अकोले तालुक्यात होते. मेच्या अखेरच्या आठवड्यापासून पहिला जोराचा पाऊस पडेपर्यंत भंडारदरा, घाटघर, रतनवाडी, साम्रद या पट्ट्यात हिरडा, बेहडा, सादडा, जांभूळ अशी झाडं काजव्यांनी उजळतात. शनिवारी संध्याकाळी पुणे, नाशिक, मुंबईच्या गाड्यांची रांग लागते. प्रत्येक गाडीतल्या प्रत्येक मोबाइलमध्ये एकच फोटो असतो: जंगल, आणि त्यात हजारो सोनेरी ठिपक्यांचा सडा. मंडळी उतरतात, झाडाकडे बघतात, मोबाइलकडे बघतात, पुन्हा झाडाकडे. मग गटातला हिशेबी माणूस स्थानिक वाटाड्याला विचारतो, “बाकीचे कुठंयत?”

बाकीचे कुठेच गेलेले नसतात. तसा फोटो हा एका क्षणाचा नसतोच. २०२३ च्या ‘वाइल्डलाइफ फोटोग्राफर ऑफ द इयर’ स्पर्धेत कीटकादी प्राण्यांच्या गटात पहिला आलेला काजव्यांचा फोटो तमिळनाडूच्या श्रीराम मुरली यांचा होता. अनामलाईच्या जंगलात १९ सेकंदांचा एक, असे ५० फोटो त्यांनी एकावर एक बसवले होते. म्हणजे सोळा मिनिटांत जेवढे काजवे जेवढ्या वेळा लुकलुकले, तेवढे सगळे एका चौकटीत. हे त्यांनी लपवलं नाही, फोटोसोबतच सांगितलं, म्हणून त्यात खोटं काही नाही. खोटेपणा सुरू होतो तो एखाद्या तंबूवाल्यानं तसलाच फोटो जाहिरातीत टाकून खाली ‘प्रत्यक्ष पाहा’ असं लिहिल्यावर. डोळ्यांना सोळा मिनिटं साठवता येत नाहीत. सोळा मिनिटांनी डोळे तेच झाड बघत असतात आणि पाय डास मारत असतात.

त्या जंगलात गर्दीचं वागणं मोठं बघण्यासारखं असतं. नर काजवा उडता उडता ठरावीक लयीत चमकतो, मादी बसल्या जागेवरून उत्तर देते. थोडक्यात हाही लग्न जमवण्याचाच हंगाम आहे, फक्त मुहूर्त रात्रीचा काढण्याइतकी अक्कल काजव्यांना आहे. अशा वेळी एक सद्गृहस्थ फ्लॅश मारतात. मोबाइलचा फ्लॅश चार-पाच पावलांपलीकडे पोचत नाही. तो पुढच्या माणसाच्या टकलापर्यंत जातो आणि तिथून परत येतो. फोटोत टक्कल सुंदर येतं. पण तेवढ्या लखलखाटात नराची खूण मादीला दिसेनाशी होते. वनखातं दर वर्षी सांगतं, की फ्लॅश नको, बॅटरी नको, गाडीचे दिवे नकोत, आणि दर वर्षी कुणीतरी ही सूचना नीट वाचता यावी म्हणून बॅटरी लावतं.

ज्याला खरोखर एका दमात, जोडाजोड न करता काजवे टिपायचे आहेत, त्याचं काम उजेड असतानाच सुरू होतं. दिवेलागणीपूर्वी झाड निवडायचं, त्याच्यावर फोकस लावून तो तिथेच अडकवायचा, कॅमेरा तिकाटण्यावर नाहीतर एखाद्या स्थिर दगडावर टेकवायचा, झाकण वीस-तीस सेकंद उघडं राहील अशी मापं लावायची आणि मग गप्प बसायचं. फोटोत पन्नास-साठ ठिपके आणि काही उडत्या रेघा येतील. ग्रुपवर टाकल्यावर कुणी ‘वॉव’ म्हणणार नाही. तरीही तो फोटो बरा, कारण एका झाडावर तीस सेकंदांत काय झालं ते त्यात तंतोतंत आहे आणि घरी आल्यावर आठवणीशी भांडण होत नाही. यातली एकच गोष्ट सहलीच्या मंडळींना अशक्य वाटते. दिवे नाहीत, झोप नाही, हे चालतं. गप्प बसणं हेच त्यांना जमत नाही.

त्याच तालुक्यात हरिश्चंद्रगडाचा कोकणकडा आहे. १४२४ मीटर उंचीच्या या गडावर घामाघूम होऊन लोक पोचतात, सूर्यास्ताला कड्यावर ओळीनं उभे राहतात, आणि सूर्याकडे पाठ करून फोटो काढून घेतात. कॅमेरा सूर्याकडे बघतो, माणसांना कोळसा करतो. मग रात्री तंबूत बसून ॲपमधून चेहरे उजळायचा कार्यक्रम चालतो. चेहरे राखेच्या रंगाचे होतात, आभाळ जिथे होतं तिथून निघून जातं. मावळता सूर्य आणि उजळ चेहरा एकत्र हवे असतील तर दुसरा दिवा लागतो, नाहीतर दोहोंपैकी एकावर पाणी सोडावं लागतं. पाणी सोडायचं ठरवलं की काम सोपं होतं: माणसाला कडेनं उभं करा, नाक-हनुवटीची रेघ दिसू द्या, चेहरा खुशाल काळा येऊ द्या. अर्थात, सहाशे रुपयांचा ट्रेक करून, नवा टी-शर्ट घालून आलेल्या माणसाला आपण सावलीत काळे येणार हे पटवणं हाच त्या फोटोतला अवघड भाग असतो.

याच गडावरच्या धुक्यात कर्नल साइक्स या इंग्रज अधिकाऱ्यानं पूर्ण गोल इंद्रधनुष्य पाहिलं होतं. त्याची नोंद १८३५ सालची म्हणून सांगितली जाते. ट्रेकर मंडळी त्याला इंद्रवज्र म्हणतात. ते दिसायला सूर्य पाठीशी, धुकं समोरच्या दरीत आणि मधे आपण अशी मांडणी जुळावी लागते. कडा पश्चिमेकडे तोंड करून आहे, तेव्हा हे जमायचं तर सकाळी. सूर्यास्ताच्या गर्दीला ते दिसणं शक्य नाही. पण त्याची खरी गंमत निराळीच. त्या रंगीत वलयात प्रत्येकाला स्वतःच्याच डोक्याची सावली मधोमध दिसते. शेजाऱ्याच्या डोक्याभोवती काही नसतं. दहा जण ओळीनं उभे राहिले तर दहाही जणांची खात्री पटते, की गटात पुण्यवान आपणच. चौकातल्या फ्लेक्सवर वाढदिवसाच्या साहेबांच्या डोक्यामागचं वलय तेवढं सगळ्यांना सारखं दिसतं, आणि त्याला धुकं लागत नाही, प्रिंटिंगची आगाऊ रक्कम लागते.

फ्लेक्सवरचे चेहरे उजळवण्याचा उद्योग एवढा पुढे गेलाय, की प्रत्यक्ष साहेब कार्यक्रमाला आले तर कार्यकर्ते दोन क्षण चाचरतात.

ग्रुप फोटोतही भांडणं लागतात. मोबाइलचं मुख्य भिंग रुंद असतं. त्याच्या कडेला येणारी वस्तू ताणली जाते, हा भिंगाचा स्वभाव आहे. त्यामुळे कडेला उभी राहिलेली वहिनी फोटोत दहा किलोनं वाढते आणि हा फोटो कुणी काढला याची चौकशी होते. चार पावलं मागे सरकून सगळ्यांना मधल्या भागात घेतलं तर वहिनींचं वजन जागच्या जागी राहतं. सेल्फीचं गणित आणखी निष्ठुर आहे. २०१८ मध्ये अमेरिकेतल्या डॉक्टरांनी चेहऱ्याच्या शस्त्रक्रियांवरच्या नियतकालिकात हिशेब मांडून दाखवला, की एक फुटावरून काढलेल्या सेल्फीत नाक सुमारे ३० टक्के रुंद दिसतं. पाच फुटांवरून काढला तर हा फरक जवळजवळ उरत नाही. त्यांना हे मांडावं लागलं, कारण लोक सेल्फी दाखवून नाक लहान करून मागत होते. हात लांब करायची शस्त्रक्रिया मागितली असती तर निदान नेम तरी बरोबर बसला असता.

काही वेळा फोटो निखळ असतो आणि एडिटिंग खालच्या ओळीत होतं. नगरहून पाथर्डी रस्त्यानं निघालं की शहाडोंगरावरची अष्टकोनी, तीनमजली इमारत दुरून दिसते. संध्याकाळच्या तिरप्या उन्हात ती अशी काही उठून दिसते, की कुठल्याही फोनमधून, कुठलंही बटण न दाबता चांगलाच फोटो मिळतो. आणि खाली सगळे लिहितात, ‘चांदबिबीचा महाल’. ती कबर आहे मुर्तझा निजामशाहाचा मंत्री सलाबतखान याची. चांदबिबीचा तिच्याशी संबंध नाही. जिल्ह्याचं नाव २०२४ मध्ये अहिल्यानगर झालं, पण सलाबतखानाला अजून त्याच्याच कबरीवर स्वतःचं नाव मिळालेलं नाही.

कर्जत तालुक्यातल्या रेहेकुरीला वेगळाच गोंधळ. १९८० साली काळविटांसाठी राखलेलं हे अभयारण्य जेमतेम २.१७ चौरस किलोमीटरचं आहे, त्यामुळे काळवीट दिसतं. अडचण पुढे आहे. ते दूर असतं, म्हणून मंडळी मोबाइलवर दोन बोटांनी झूम करतात. हा झूम म्हणजे कात्रीच: मधला तुकडा कापून मोठा केला, एवढंच. काळवीट येतं, पण ते काळवीट आहे हे सोबत सांगावं लागतं. मग कुणीतरी हुशारी करतं आणि ड्रायव्हरला हॉर्न वाजवायला लावतं, म्हणजे ते वळून बघेल. ते वळतं, पण उलट्या दिशेनं. अशा रीतीनं पुण्या-नगरच्या फोनांमध्ये काळविटांच्या पार्श्वभागांचा मोठा संग्रह साठला आहे. ज्यांच्याकडे तोंडाचे फोटो आहेत त्यांनी वेगळं एवढंच केलेलं असतं, की सकाळी लवकर येऊन गाडी बंद केली, काच आधीच खाली घेतली आणि कळप चरत चरत जवळ येईपर्यंत डबा उघडला नाही.

शिर्डीला मंदिरात मोबाइल नेता येत नाही. जिल्ह्यातल्या सर्वाधिक गर्दीच्या ठिकाणी एकही फोटो बिघडत नाही याचं श्रेय त्या नियमाला द्यायला हवं.

एवढं वाचून कुणाला वाटेल, की एडिटिंगला हात लावला नाही म्हणजे फोटो आपोआप चांगला होतो. त्यानं आधार कार्ड काढून बघावं. देशातला हा सर्वांत मोठा एडिटमुक्त प्रकल्प महाराष्ट्रातच सुरू झाला, २९ सप्टेंबर २०१० रोजी, नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात. ना फिल्टर, ना टचिंग, ना दुसरी संधी. समोर दिवा, डोळ्यांसमोर वेबकॅम, “हलू नका, हसू नका,” आणि खटका. निघालेला फोटो पाहून सख्खी आईसुद्धा ओळखपत्र मागते. उजेड थेट समोरून मारला, माणसाला श्वास रोखायला लावला आणि वेळ दोन सेकंद दिला, तर फोटो कितीही प्रामाणिक असला तरी माणूस आरोपीच दिसणार.

याउलट सरकारनंच एक शाळा अशी काढली, की तिथे लोक खरोखर फोटो काढायला शिकले. ई-पीक पाहणी. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर शेतकऱ्यानं स्वतःच्या मोबाइलवर, स्वतःच्या शेतात उभं राहून, उभ्या पिकाचा फोटो काढायचा आणि ॲपवर चढवायचा. त्यावरून सातबाऱ्यावर पिकाची नोंद होते. मागच्या वर्षीचा फोटो चालत नाही, चुलत्याच्या शेतातला चालत नाही, फोन जागेची नोंदही सोबत पाठवतो. ‘एडिटिंगमध्ये बघू’ म्हणायला जागाच ठेवलेली नाही.

पहिल्या वर्षी जे व्हायचं ते झालं. सकाळी सातला गेलेल्याच्या फोटोत हात वर केलेली त्याची स्वतःची लांबलचक सावली गव्हावर आडवी. उभ्यानं काढलेल्या फोटोत कांदा म्हणजे नुसतं गवत. उसात शिरून काढलेल्या फोटोत हिरवा अंधार आणि एक कोळ्याचं जाळं. कोपऱ्यात अंगठा तर पिकासारखाच सर्वत्र उगवलेला. पण नोंद अडकली की कर्जाचं, विम्याचं, नुकसानभरपाईचं अडतं, आणि त्या भीतीनं गावोगावची मंडळी अशी तयार झाली, की शहरातल्या फोटोग्राफीच्या क्लासला लाज वाटावी. आता श्रीगोंद्यातला पोरगा सूर्य पाठीशी घेतो, पण एक पाऊल बाजूला सरकून, म्हणजे सावली वाफ्यात पडत नाही. कांद्यासाठी उकिडवा बसून फोन पातीच्या उंचीला आणतो. उसासाठी बांधावर चढतो. काच बनियनला पुसतो. आणि हे सगळं एका हातानं, कारण दुसऱ्या हातानं तो फोन डोक्यावर धरून रेंज शोधणाऱ्या भावाला सांगत असतो, की सर्व्हर गेला का बघ.

एकच गोष्ट अजून शिकवता आलेली नाही. फोटो निघतोय म्हटल्यावर घरातले म्हातारबा स्वच्छ टोपी घालून, उपरणं नीट करून, पिकाच्या बरोबर मधोमध येऊन उभे राहतात.

“दादा, जरा बाजूला व्हा ना. पिकाचा फोटो काढायचाय.”

“मंग पीक काय तलाठ्यानं लावलंय व्हय?”